सेफिक्सिम रिपोर्टमध्ये का नाही? एका औषधाच्या निकालावरून दुसऱ्याबद्दल किती सांगता येतं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मला तो नीट समजलाय का हे तुम्हाला कळेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुमच्या आई ६४ वर्षांच्या, मधुमेह आहे. लघवीला जळजळ आणि अंगात कसकस होती. ऐरोलीतल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सेफिक्सिम हे अँटिबायोटिक दिलं. दोन-तीन दिवस उतार पडला आणि मग त्रास पुन्हा सुरू झाला. म्हणून ठाण्याच्या एका लॅबमध्ये लघवीचं कल्चर-सेन्सिटिव्हिटी केलं, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते पाहिलं. त्यात ई. कोलाय हा जंतू निघाला, दर मिलिलिटरला एक लाखाच्या वर. सेफाझोलिन, सेफ्युरॉक्सिम, सेफ्ट्रियाक्सोन, सेफेपिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्यासमोर ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही). सेफॉक्सिटिन, पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांच्यासमोर ‘एस’ (ससेप्टिबल, म्हणजे औषध चालतं). सेफिक्सिमचं नावच नाही. महिन्याभराने वाशीच्या लॅबमध्ये पुन्हा केलं तर सेफ्ट्रियाक्सोन ‘आर’, पण सेफेपिम ‘एस’.

तुमचं म्हणणं असं: चालू असलेलं औषधच तपासलं नाही, मग पैसे कशाचे घेतले? सगळी ‘सेफ’वाली औषधं एकाच घराण्यातली, तर एकाला एस आणि बाकीच्यांना आर कसं? सेफॉक्सिटिन चालतंय तर तेच का देत नाहीत? आणि दोन लॅबपैकी बरोबर कोण?

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आधी पालिकेच्या रुग्णालयात होते, आता ठाण्यातच खाजगी लॅबमध्ये आहे. अशा प्लेट वाचणं हे माझं रोजचं काम. पण तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही आणि त्यांची प्लेटही पाहिलेली नाही. ताप किती होता, कमरेत दुखत होतं का, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती, यावर औषधाची निवड फिरते आणि ती निवड त्यांच्या डॉक्टरांचीच. मी फक्त तो कागद कसा तयार होतो ते सांगू शकते.

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: एका औषधाचा निकाल त्याच घराण्यातल्या दुसऱ्या औषधाला लावता येतो का? माझं उत्तर असं की बऱ्याचदा येतो, पण सहसा एकाच दिशेने. ती दिशा औषधाच्या नावावरून कळत नाही. जंतू ते औषध कोणत्या मार्गाने निकामी करतोय हे पाहावं लागतं.

आधी सेफिक्सिम का तपासलं नाही ते. डिस्कची जी पद्धत बहुतेक लॅबमध्ये चालते तिला कर्बी-बाउअर म्हणतात; ती १९६६ साली प्रमाणित झाली. म्युलर-हिंटन आगर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराची ४ मिमी जाडीची प्लेट घ्यायची, ठरलेल्या गढूळपणाच्या द्रावणात स्वॅब बुडवून जंतू सगळीकडे सारखा पसरायचा, वर औषधांच्या डिस्क (औषध शोषलेल्या कागदी चकत्या) ठेवायच्या आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. औषध आगरमध्ये झिरपतं, डिस्कभोवती जिथपर्यंत जंतू वाढत नाही तो गोल म्हणजे झोन. मोठ्या, १५० मिमीच्या प्लेटवर १२ डिस्कपेक्षा जास्त लावू नयेत, नाहीतर झोन एकमेकांत घुसतात. आता ठाण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन तोंडाने घ्यायची सेफॅलोस्पोरिन, म्हणजे तुमची ‘सेफ’वाली औषधं, मोजा: सेफॅलेक्सिन, सेफाड्रॉक्सिल, सेफ्युरॉक्सिम, सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम, सेफडिनिर. एवढ्यातच अर्धी प्लेट भरली, आणि इंजेक्शनवाली अजून बाकीच आहेत.

म्हणून लॅब काही औषधं प्रतिनिधी म्हणून निवडते. आम्ही त्यांना सरोगेट म्हणतो. यात नवीन काही नाही. सत्तरच्या दशकात सेफॅलोथिनची एकच डिस्क अख्ख्या सेफॅलोस्पोरिन घराण्याच्या वतीने लावत. पुढे नवी सेफॅलोस्पोरिन आली, ती जुन्यांना न जुमानणाऱ्या जंतूंवरही चालू लागली, आणि एका डिस्कवर भागेना.

आज आपल्याकडच्या बहुतेक लॅब अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचे तक्ते वापरतात. त्यांचा नियम असा, की साध्या, गुंतागुंत नसलेल्या लघवीच्या संसर्गात ई. कोलाय, क्लेबसिएला न्यूमोनिए आणि प्रोटियस मिराबिलिस या जंतूंवर सेफाझोलिन एस आलं, तर सेफॅलेक्सिन, सेफ्युरॉक्सिम, सेफपोडॉक्सिम, सेफडिनिर यांनाही एस धरायला हरकत नाही. सेफाझोलिन हे इंजेक्शन आहे, या तक्रारीसाठी ते सहसा कोणी देत नाही. तरी ते रिपोर्टवर असतं ते यासाठी. उलट दिशेने मात्र नियम ढिला पडतो. सेफाझोलिन आर आलं म्हणून बाकीची सगळी आर असं म्हणता येत नाही. सेफ्युरॉक्सिम, सेफपोडॉक्सिम आणि सेफडिनिर वेगळी लावून पाहावीत असं तोच तक्ता सांगतो, कारण कधीकधी ती चालतात.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकून डॉक्टरही चक्रावतात. समजा सेफाझोलिनचा झोन १७ मिमी आला. साध्या लघवीच्या संसर्गासाठी १५ मिमी किंवा जास्त म्हणजे एस. तोच जंतू रक्तातून आला असेल तर २३ मिमी लागतात आणि १९ किंवा कमी म्हणजे आर. एकच जंतू, एकच डिस्क, एकच झोन, आणि छापून येणारं अक्षर वेगळं. लघवीत ही औषधं रक्ताच्या कितीतरी पटींनी साठतात, म्हणून हा फरक. तेव्हा डॉक्टर लॅबकडे पाठवतात त्या रिक्विझिशन फॉर्मवर ‘युरिन, जळजळ, ताप नाही’ किंवा ‘ताप आणि कमरदुखी’ असं कोणीतरी लिहिणं फार महत्त्वाचं. आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य फॉर्मवर ती जागा कोरी असते.

आता तुमच्या आईंचा रिपोर्ट. सेफाझोलिन, सेफ्युरॉक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोन तिन्ही आर, सेफॉक्सिटिन एस, मेरोपेनेम एस. असा संच दिसला की लॅबमधल्या कोणाच्याही तोंडी पहिला शब्द येतो ईएसबीएल. हा जंतूने तयार केलेला एंझाइम. पेनिसिलिनपासून सेफ्ट्रियाक्सोनपर्यंतच्या औषधांमध्ये जी चार अणूंची कडी असते, बीटा-लॅक्टम रिंग, ती हा एंझाइम तोडतो. आपल्याकडे यातला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्याचं पहिलं वर्णनही २००१ साली दिल्लीतल्या जंतूंवरूनच झालं. सेफोटॅक्सिम आणि सेफ्ट्रियाक्सोन यांच्या रेणूची एक बाजूची साखळी अगदी सारखी आहे, म्हणून या एंझाइमपुढे दोघंही सारखीच ढेपाळतात. या दोघांपैकी एकाचा निकाल दुसऱ्याला डोळे मिटून लावा, फारसं बिघडत नाही.

ईएसबीएल प्लेटवर दिसतो कसा ते सांगते, कारण एकदा पाहिलं की विसरत नाही. मधोमध अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची डिस्क, तिच्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर सेफोटॅक्सिम, दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर सेफ्टाझिडिम. सकाळी प्लेट काढायची, झाकण न उघडता उलटी करायची, काळ्या पार्श्वभूमीवर धरायची आणि दिव्याचा प्रकाश वरून पडू द्यायचा. सेफोटॅक्सिमभोवतीचा झोन बाहेरच्या बाजूला अगदी आखूड असतो, १२-१३ मिमीच्या घरातला. पण क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडकडच्या बाजूला तोच झोन फुगून मधल्या डिस्ककडे धावलेला असतो. दोन डिस्कच्या मधल्या त्या पट्ट्यात जंतू साफ झालेला असतो, कारण तिथे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने एंझाइमचे हात बांधलेले असतात आणि सेफोटॅक्सिमला काम करता येतं. मोजून करायचं असेल तर सेफोटॅक्सिम एकटं आणि सेफोटॅक्सिम क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसह, अशा दोन डिस्क लावतात. दुसरीचा झोन ५ मिमी किंवा त्याहून जास्त मोठा आला तर ईएसबीएल नक्की.

मग सेफिक्सिमचं काय? सेफिक्सिमही त्याच एंझाइमचं भक्ष्य आहे. ई. कोलायमध्ये सेफ्ट्रियाक्सोन आर आलं तर सेफिक्सिमची डिस्क लावली नाही म्हणून काही हुकलं नाही. उत्तर आर धरायचं. म्हणजे तुमच्या लॅबने सेफिक्सिम न छापण्यात हलगर्जीपणा केलेला नाही. त्यांची चूक असेलच तर एवढी, की खाली एक ओळ टाकायला हवी होती: ‘ईएसबीएलची शक्यता, तोंडाने घ्यायची सेफॅलोस्पोरिन उपयोगी पडण्याची शक्यता कमी.’ ही ओळ आमच्या धंद्यात फुकट आहे आणि तरी कित्येक रिपोर्टवर नसते.

‘पण दोन-तीन दिवस बरं वाटलं ना?’ हो, वाटतं. वर म्हटलं तसं औषध लघवीत साठतं, जंतूंची संख्या थोडी दबते. शिवाय मूत्राशयाची जळजळ पाणी भरपूर प्यायल्यावरही काही काळ कमी होते. त्यावरून औषध लागू पडलं असा निष्कर्ष काढू नका.

सेफॉक्सिटिनचा मुद्दा सगळ्यांत रंजक. त्याच्या रेणूवर मिथॉक्सी नावाचा एक जास्तीचा गट असतो. त्यामुळे ईएसबीएलला त्याची कडी तोडता येत नाही. म्हणून सेफ्ट्रियाक्सोन आर असूनही सेफॉक्सिटिन एस येतं आणि यात विसंगती काहीच नाही. आम्ही ते लावतो ते वेगळ्याच कारणासाठी: एएमपीसी नावाचा दुसरा एक एंझाइम आहे, तो सेफॉक्सिटिनलाही तोडतो आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला दाद देत नाही. सेफॉक्सिटिन एस आलं म्हणजे एएमपीसी असण्याची शक्यता कमी. थोडक्यात, ई. कोलायच्या प्लेटवरचं सेफॉक्सिटिन हा जंतूकडे कोणता एंझाइम आहे हे ओळखण्याचा आमचा मार्ग आहे. आपल्याकडे या आजारासाठी ते सहसा कोणी लिहून देत नाही. ते रुग्णाच्या कागदावर छापायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे. छापलं की तुमच्यासारखा चौकस माणूस विचारणारच.

आता हेच सेफॉक्सिटिन स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्लेटवर लावा, त्याचं वजनच बदलतं. गळवं, जखमा, ऑपरेशननंतरचा पू यांत हा जंतू सापडतो. त्याचा प्रतिकार औषध तोडून चालत नाही. मेक-ए नावाच्या जनुकामुळे तो आपल्या भिंतीचं काम करणारं प्रथिनच बदलून टाकतो आणि मग बीटा-लॅक्टम घराण्यातलं जवळपास कुठलंच औषध तिथे चिकटत नाही. सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क हे जनुक उघडं पाडण्यात चोख आहे. २२ मिमी किंवा जास्त म्हणजे क्लॉक्सासिलिन, सेफाझोलिन, सेफॅलेक्सिन सगळी चालतील. २१ किंवा कमी म्हणजे एमआरएसए (अशा औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस), आणि सेफ्टारोलिनसारखा एखादा अपवाद सोडला तर सगळं घराणं बाद, प्लेटवर त्यांचे झोन कितीही मोठे दिसोत. इथे निकाल दोन्ही दिशांना लागू होतो. तेच औषध ई. कोलायमध्ये फक्त स्वतःपुरतं आणि एएमपीसीपुरतं बोलतं. म्हणून ‘सेफॉक्सिटिन एस’ या दोन शब्दांचा अर्थ वरच्या ओळीत जंतूचं नाव काय आहे ते पाहिल्याशिवाय लावताच येत नाही. एमआरएसएच्या बाबतीत इन्क्युबेटरचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तरी काही जंतू निसटू शकतात, म्हणून सकाळी आल्या आल्या मी आधी थर्मामीटर बघते आणि मग प्लेट.

इथवरचं दोन वाक्यांत: तुमच्या आईंच्या जंतूत ईएसबीएल असावा, त्यामुळे सेफ्ट्रियाक्सोन आर म्हणजे सेफिक्सिमही आर. सेफॉक्सिटिन एस हे खरं आहे, पण ते औषध म्हणून वाचायचं नाही.

सेफेपिमवरून दोन लॅबमध्ये जो फरक दिसतो तो इतका सरळ नाही. पूर्वी रीत अशी होती की ईएसबीएल सापडला की झोन काहीही येवो, सगळ्या सेफॅलोस्पोरिनना आर लिहायचं. २०१० मध्ये सीएलएसआयने एस-आरच्या सीमारेषा कडक केल्या आणि सांगितलं की आता जो आकडा येईल तोच छापा, ईएसबीएल वेगळा शोधून अक्षर बदलायची गरज नाही. काही लॅबनी नवी रीत घेतली, काही अजून जुनीच चालवतात. सेफेपिमला तर मध्ये एक तिसरा कप्पाही आहे, ‘डोसवर अवलंबून’. २५ मिमी किंवा जास्त म्हणजे एस, १९ ते २४ म्हणजे डोस वाढवला तर चालेल, १८ किंवा कमी म्हणजे आर. आणि मिलिमीटरचा खेळ किती सैल असतो हे पाहायचं असेल तर आमचा क्वालिटी कंट्रोल बघा. एटीसीसी २५९२२ हा ठरलेला ई. कोलाय आम्ही तपासणीसाठी वापरतो. त्याचा सेफ्ट्रियाक्सोनचा झोन २९ ते ३५ मिमीमध्ये कुठेही आला तरी काम बरोबर मानतात. तोच जंतू, तीच डिस्क, तरी ६ मिमीचा वाव! मग २४ आणि २५ यांत भांडण्यात काय अर्थ?

शिवाय दोन नमुन्यांमध्ये एक महिना गेलाय. दुसऱ्या वेळचा ई. कोलाय पहिलाच होता याची खात्री नाही. एक लॅब डिस्क वापरत असेल, दुसरी मशीन. मशीन झोन मोजत नाही, एमआयसी काढते, म्हणजे वाढ रोखायला औषधाचं कमीत कमी किती प्रमाण लागतं ते. एमआयसीमध्ये एका पायरीचा फरक, म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, नेहमीचाच धरतात. म्हणून ‘कोण खरं’ याचं माझं उत्तर: दोघंही खरे असू शकतात. पण सेफ्ट्रियाक्सोन आर असलेल्या ई. कोलायवर सेफेपिम एस दिसलं, तरी गंभीर आजारात त्यावर भिस्त ठेवू नये, याबद्दल संसर्गतज्ज्ञांमध्ये आता बऱ्यापैकी एकमत आहे. प्लेटवर जंतूंची संख्या ठरवून घेतलेली असते. शरीरात ती कितीतरी जास्त असू शकते आणि तेवढे सगळे मिळून एंझाइम सोडत असतात.

पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमचंही तेच. प्लेटवर एस, तरी सावध. २०१८ मध्ये मेरिनो नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तात सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारा ई. कोलाय किंवा क्लेबसिएला असलेले रुग्ण त्यात होते, आणि त्यांचा जंतू पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमला एस होता. ३० दिवसांत त्या औषधावर असलेल्यांपैकी १२.३ टक्के दगावले, मेरोपेनेमवर असलेल्यांपैकी ३.७ टक्के. यातल्या काही जंतूंकडे ईएसबीएलच्या जोडीला ओएक्सए-१ नावाचा दुसरा एंझाइमही असतो, जो टॅझोबॅक्टमला, म्हणजे पिपेरासिलिनच्या जोडीला एंझाइम रोखायला दिलेल्या औषधाला, फारशी दाद देत नाही. पण हे रक्तातल्या संसर्गाबद्दल. याचा अर्थ तुमच्या आईंना मेरोपेनेम लावा असा मुळीच घेऊ नका. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन पुरतं. दोन्ही या घराण्याबाहेरची, त्यामुळे ईएसबीएल त्यांचं काही बिघडवत नाही. मात्र ही दोन औषधं मूत्राशयापुरतीच. संसर्ग किडनीपर्यंत गेला असेल तर ती पुरी पडत नाहीत. तुम्ही ‘कसकस’ लिहिलंय, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना नेमका विचारा.

बाकी घराण्यांमध्ये दिशा कशी बदलते ते भराभर सांगते. अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन एकमेकांच्या जागी चालतात. टेट्रासायक्लिन एस असेल तर डॉक्सिसायक्लिन एस. टेट्रासायक्लिन आर असेल तर डॉक्सिसायक्लिनबद्दल काहीच ठरत नाही, ते चालूही शकतं. जेंटामायसिन आर असताना अमिकासिन एस येणं रोजचं आहे, कारण ते बिघडवणारे एंझाइम बहुधा वेगळे असतात.

एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनसाठी जरा थांबायला हवं. ही रचनेने वेगळी, पण जंतूमध्ये एकाच जागी बसणारी औषधं. स्टॅफच्या (स्टॅफिलोकोकसच्या) प्लेटवर एरिथ्रोमायसिन आर, क्लिंडामायसिन एस असं दिसलं की सरळ छापायचं नाही. दोन्ही डिस्क १५ ते २६ मिमी अंतरावर शेजारी लावायच्या. जंतूकडे झोपलेला प्रतिकार असेल तर एरिथ्रोमायसिन त्याला जागं करतं आणि क्लिंडामायसिनचा गोल त्या बाजूने सपाट होतो, इंग्रजी डी अक्षरासारखा. तसं दिसलं की क्लिंडामायसिन आर लिहायचं. मधुमेही पायाच्या जखमांमध्ये क्लिंडामायसिन सर्रास वापरतात, त्यामुळे ही पाच पैशांची तपासणी न करणारी लॅब मला चालत नाही.

आणि टायफॉइड. पावसाळ्यात आमच्याकडे हे ब्लड कल्चर वाढतातच. साल्मोनेला टायफीला सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन २६ मिमी येतो, चांगला टपोरा. जुन्या तक्त्यात २१ पासून एस होतं. पण असे रुग्ण सिप्रोवर बरे होईनात, ताप उतरायला आठवडा-आठवडा लागे. कारण शोधताना लक्षात आलं की या जंतूंना नॅलिडिक्सिक ॲसिड, म्हणजे सिप्रोचं जुनं, दुबळं नातलग, आर येतं. जनुकातल्या एकाच बदलाने नॅलिडिक्सिक ॲसिड पूर्ण बाद होतं, तर सिप्रो नुसतं अशक्त होतं आणि झोनमध्ये ते लपून राहतं. म्हणून टायफॉइडला न वापरायचं औषध प्लेटवर आलं, सिप्रोची पोल खोलायला. २०१२ मध्ये सीएलएसआयने सिप्रोची सीमा थेट ३१ मिमीवर नेली. पुढे पेफ्लॉक्सासिनची ५ मायक्रोग्रॅमची डिस्क आली, २४ किंवा जास्त म्हणजे एस, कारण प्लास्मिडवरून (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जनुकांच्या तुकड्यावरून) येणारे काही प्रतिकार नॅलिडिक्सिक ॲसिडला दिसत नव्हते. टायफीच्याच प्लेटवर जेंटामायसिन आणि सेफ्युरॉक्सिमचे झोनही झकास येतात, पण ते एस म्हणून छापायला मनाई आहे. हा जंतू पेशींच्या आत लपतो, आणि शरीरात ही औषधं त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत.

तुमच्या कामाचं एवढं करा. लॅबला फोन करून मायक्रोबायोलॉजिस्टशी बोलायचंय असं सांगा. रिसेप्शनवर अडवतील, तरी धरून बसा. त्यांना विचारा: ईएसबीएल पाहिला का? एस-आर कोणत्या तक्त्यावरून आणि कोणत्या सालच्या? साध्या लघवीच्या संसर्गाच्या सीमा लावल्या की सरसकट? डिस्क की मशीन? सेफेपिमचा आकडा काय होता? दोन्ही लॅबकडून अक्षरांऐवजी आकडे मिळवा आणि ते डॉक्टरांसमोर ठेवा. एका औषधाचा एमआयसी २ आणि दुसऱ्याचा ०.२५ आहे म्हणून दुसरं जास्त जोरदार, असा हिशेब मात्र करू नका. प्रत्येक औषधाची सीमा वेगळी असते.

पुन्हा नमुना द्यायची वेळ आली तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्या, मधल्या धारेचा, आणि दोन तासांत लॅबमध्ये पोहोचेल असा. घोडबंदर रोडच्या कलेक्शन सेंटरवर दुपारी दिलेली बाटली माजिवड्याच्या गर्दीतून ठाणे-बेलापूर रोडवरच्या मुख्य लॅबला संध्याकाळी पोहोचते. मधल्या काळात ती फ्रीजमध्ये नसेल तर ‘एक लाखाच्या वर’ या आकड्याला काही अर्थ उरत नाही. गाडी किती वाजता येते ते विचारून मगच जा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती कळवा: वाशीचं दुसरं कल्चर केलं तेव्हा आईंना काही त्रास होता, की फक्त खात्रीसाठी केलं? या वयात, त्यातून मधुमेह असताना, काहीही लक्षणं नसतानाही लघवीत जंतू सापडणं नवल नाही, आणि नुसत्या रिपोर्टवरून त्याला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. त्रास नसेल तर सेफेपिम एस की आर, यात डोकं घालायची तूर्तास गरजच नाही. ताप, थंडी, कमरदुखी यांपैकी काही असेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या.